शब्दचर्चा: ‘इंडेक्स’ म्हणजे सूची, अनुक्रमणिका की निर्देशांक?

देवगड: पायथन या संगणकभाषेच्या संदर्भग्रंथाच्या मराठी मसुद्यात ‘इंडेक्स’ला हे तिन्ही शब्द आलेत. ठेवायचा कुठला?

गुहागर: तिन्ही ठेवा, पण आपापल्या जागी. लिस्टमधल्या घटकाचं स्थान म्हणजे निर्देशांक. पुस्तकाच्या सुरुवातीला असते ती अनुक्रमणिका, नावातच क्रम आहे. कात्यायनाची सर्वानुक्रमणीसुद्धा ऋग्वेदाची सूक्तं मूळ क्रमानेच घेते. शेवटी अक्षरक्रमाने लावलेली ती सूची, आणि तिच्यातली एकेक ओळ ही नोंद. ‘प्रविष्टी’ नको, तिला हिंदीचा वास येतो.

देवगड: मग एका नोंदीवरून दुसरीकडे धाडणारे ‘सी’ (see) आणि ‘सी ऑल्सो’ (see also)?

वेंगुर्ले: ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’. आपल्या कोकमावरून घ्या. आमसूल आणि सोल एकच, म्हणून ‘सोल – पाहा आमसूल’. रातांबा हे फळ, आमसूल ही त्याची वाळवलेली साल. तिथे दोन स्वतंत्र नोंदी आणि दोन्हींखाली ‘हेही पाहा’. तसंच := चं. राशीच्या आतच चलाला किंमत देणारं हे चिन्ह २०१९ मध्ये, ३.८ आवृत्तीत आलं. ग्रंथात नाव ‘असाइनमेंट एक्स्प्रेशन’, लोकांच्या तोंडी ‘वॉलरस’. वॉलरसखाली ‘पाहा’ हवंच, शिवाय चिन्हांच्या गटात := ची वेगळी नोंद. हा ग्रंथ ज्या साधनाने तयार होतो त्या स्फिंक्सचा शोध विरामचिन्हं गाळतो, त्यामुळे शोधचौकटीत := टाकून सहसा काही हाती लागत नाही.

गुहागर: खरी अडचण ‘एल्स’सारख्या शब्दांची. तो इफ, फॉर, व्हाइल, ट्राय या चौघांबरोबर येतो. चारही ठिकाणी नुसतं ‘एल्स’ नोंदवलं की सूचीत ‘एल्स, [१], [२], [३]’ असं उमटतं आणि वाचक एकेक दार ठोठावत बसतो. म्हणून स्फिंक्सला नोंद करायला सांगणाऱ्या ‘सिंगल’ या सूचनेत अर्धविराम देऊन उपनोंद करा: ‘सिंगल: एल्स; फॉर लूपमध्ये’.

देवगड: ‘सिंगल’ऐवजी ‘पेअर’ ही सूचना वापरली तर दोन्हीकडून सापडेल ना?

गुहागर: सापडेल, पण विभक्ती आड येते. ‘पेअर’ दोन्ही भागांची उलटापालट करून दोन नोंदी बनवतं. मग ‘फॉर लूपमध्ये’ हेच शीर्षक होऊन बसतं. असं शीर्षक कोण शोधणार? ‘पेअर’मध्ये दोन्ही शब्द प्रथमेतच ठेवा: ‘एल्स; फॉर लूप’. ‘ट्रिपल’लाही हाच नियम, तिथे तर तीन नोंदी होतात. आणि नोंदीची सूचना संबंधित परिच्छेदाच्या लगेच वर लिहा. खाली लिहिली, तर दुव्यावर टिचकी मारणारा नेमका मजकूर संपल्यावर उतरतो.

अलिबाग: ‘पाहा’ने दाखवलेली नोंद खरंच आहे का, ते हाताने तपासा, शीर्षक बदललं की तो रस्ता समुद्रात जातो. दुसरं, सूचीची क्रमवारी युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेल्या आकड्यांनी लागते. त्यात ‘ॲ’ हे अक्षर ‘ह’च्याही पुढे आहे, त्यामुळे ‘ॲरे’ आणि ‘ॲट्रिब्यूट’ हे ‘हॅश’च्या खाली, पार तळाला जातात. ‘ळ’ही ‘ह’नंतर न येता ‘ल’ला चिकटतो.

देवगड: आमचा ‘ॲरे’ गायब झाला असं वाटत होतं, तो तिथे असणार.