'येताना टेप घेऊन ये': नेमकी कोणती?

प्रश्न (गुहागर)
नमस्कार. गणपतीसाठी मुंबईहून येणाऱ्या धाकट्या भावाला मी फोनवर 'येताना टेप घेऊन ये' एवढेच सांगितले. पडवीबाहेरचा नळ गळत असल्यामुळे मला आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप हवी होती. त्याने आणली ती खोकी बंद करायची रुंद, तपकिरी चिकटपट्टी, आणि आमच्या आईचा समज असा झाला होता की तिच्या शिवणकामासाठी मोजायचा टेप येणार आहे. या एका शब्दाला आपल्याकडे किती अर्थ आहेत, त्यांना वेगळे मराठी शब्द वापरात आहेत का, आणि टेप 'तो' म्हणावा की 'ती'?

उत्तर (रेवदंडा)
यातील जुना शब्द 'फीत', आणि तो पोर्तुगीज 'फिता'वरून मराठीत आला आहे, जसे चावी, पगार आणि घमेले आले. आमच्या चौल-रेवदंड्यावर 1740 पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती आणि समोरच्या कोर्लई गावातील ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजवर आधारलेली बोली आजही बोलली जाते, त्यामुळे या शब्दाबद्दल मला विशेष आपुलकी वाटते. उद्घाटनाला आपण फीतच कापतो, सरकारी दिरंगाईला लाल फितीचा कारभार म्हणतो, आणि ध्वनिफीत व चित्रफीत हे शब्दही तिच्यापासूनच घडले. खाटेला विणतात ती मात्र नवार. तिला कोणी टेप म्हटलेले मी ऐकलेले नाही.

लिंगाविषयी माझे निरीक्षण असे, की चिकटपट्टी स्त्रीलिंगी म्हणून चिकटवायची 'ती' टेप, आणि रेकॉर्डर पुल्लिंगी म्हणून गाणी वाजवणारा 'तो' टेप. मोजायच्या टेपला हा नियम लागू पडत नाही, तरी तोही 'तो'च.

उत्तर (मालवण)
मी सुतारकाम करतो, म्हणून मोजायच्या टेपबद्दल लिहितो. शिंप्याचा टेप कापडासारखा मऊ आणि 60 इंचांचा असतो, आमचा पोलादी आणि डबीत गुंडाळला जाणारा. त्याच्या टोकाचा अडकवायचा आकडा (हूक) किंचित हलतो आणि पुष्कळ लोक तो बिघाड समजून ठोकून घट्ट करतात. कृपया तसे करू नये. आकडा स्वतःच्या जाडीइतकाच पुढे-मागे सरकतो, त्यामुळे फळीच्या कडेला अडकवून घेतलेले आणि चौकटीच्या आत टेकवून घेतलेले, अशी दोन्ही मापे बरोबर येतात. आपल्या खाऱ्या हवेत पात्याला गंज फार लवकर धरतो, म्हणून पाऊस लागलेला टेप कोरड्या फडक्याने पुसूनच आत सोडावा.

उत्तर (कणकवली)
आमच्या घरी टेप म्हणजे टेपरेकॉर्डरच. वडिलांनी डबलबारी भजनांच्या सामन्यांना जाऊन स्वतः मुद्रित केलेल्या कॅसेट आमच्याकडे आहेत, आणि 60 मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण 90 मीटर फीत असते हे कळल्यावर त्या डब्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि आवाज त्या थरात चुंबकीय रूपाने साठतो. चार पावसाळे बंद कपाटात राहिल्यावर आमच्या काही फितींच्या कडेला पांढरी बुरशी आली. अशी कॅसेट तशीच लावू नये, कारण बुरशी टेपच्या हेडला लागते आणि तेथून पुढच्या कॅसेटमध्ये जाते. ज्यांच्याकडे अशी मुद्रणे असतील त्यांनी ती या पावसाळ्याआधी संगणकावर उतरवून घ्यावीत, ही कळकळीची विनंती.

एखादी व्यक्ती तेच ते सांगू लागली की 'यांची टेप सुरू झाली' असे म्हणतात. तेथे मात्र टेप स्त्रीलिंगी होते.

उत्तर (देवगड)
नळासाठी दुकानात 'टेफ्लॉन टेप' असे मागावे. तिला गोंद नसतो. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळावी; उलट गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटत जाते.

प्रश्नकर्ता (गुहागर)
सर्वांचा आभारी आहे. टेफ्लॉन टेप येथेच मिळाली आणि नळ गळायचा थांबला. आईसाठी 60 इंची टेप भावाकडून दिवाळीत मागवणार आहे. या वेळी 'शिंप्याचा' हा शब्द लिहूनच पाठवीन.