जूनमध्ये इंग्लंडात व्हिटबीकडे आठवडाभर कॉटेज घ्यायचंय, समुद्राजवळ घेऊ की मूरवर (म्हणजे वरच्या उघड्या माळरानावर)? सोबत आईचे गुडघे आणि बाबांचं रेल्वेचं वेड

मानेवाडा_मेल

राम राम मंडळी. ताई लीड्सला राहते, केव्हाची बोलावून राहिली, आता बाबा अजनी लोको शेडमधून रिटायर झाले आणि एकदाचं जमलं. पुढच्या जूनमध्ये आम्ही नागपूरहून पाच जण, म्हणजे आई, बाबा, मी, बायको आणि चौथीतली पोरगी, अन् तिकडचे ताई-जिजू धरून सात. जून यासाठी की आपल्या विदर्भातल्या शाळा महिना संपता संपता उघडतात, आणि तोपर्यंत इथं कूलरसमोर बसूनही घामच पुसायचा असतो.

लंडन वगैरे ताईनं आधीच कट केलं. तिचं म्हणणं नॉर्थ यॉर्क मूर्सच्या बाजूला एक आठवडा कॉटेज घेऊ, मूर पण होते आणि समुद्र पण. आयडिया सगळ्यांना पटली, घोडं अडलंय ते कॉटेज कुठं घ्यायचं यावर. ताईला रॉबिन हूड्स बे मधलं एक आवडलंय, खिडकीतून थेट समुद्र, फोटो पाहून मी पण पागल झालो. बायकोनं इन्स्टावर जांभळ्या फुलांनी भरलेलं माळरान पाहिलंय, तिला त्याच्या मधोमध राहायचंय. बाबांना फक्त एवढं माहिती आहे की तिकडे वाफेचं इंजिन चालतं, बाकी कुठं झोपवा त्यांची तक्रार नाही. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, पंधरा-वीस पायऱ्या म्हणजे तिच्यासाठी बस झालं. आणि आई-बायको पक्क्या शाकाहारी.

तिकडे राहणाऱ्या किंवा जाऊन आलेल्या लोकांनी सांगा ना. गाडी लागेलच का, आणि जूनमध्ये ती जांभळी फुलं असतात का, हे पण.

मिडल्सब्रोची_वहिनी

अरे वा, मी प्रतापनगरची, इथं येऊन आता बरीच वर्षं झाली. सरळ सांगते, समुद्राच्या काठावर पण घेऊ नका आणि मूरच्या माथ्यावर पण नको, मधल्या खोऱ्यात घ्या. एस्क नदीचं खोरं आहे, स्लाइट्स, ग्रोसमॉन्ट, एग्टन, डॅनबी अशी गावं, तिथून व्हिटबी पण जवळ आणि वर चढलं की लगेच मूर. स्लाइट्स तर व्हिटबीपासून सहा-सात किलोमीटरच आहे.

कारण सांगते. जूनमध्ये इथल्या समुद्राचं पाणी ११-१२ डिग्रीच्या आसपास असतं, वरून गरम हवा आली की त्या थंड पाण्यावर धुकं बनतं आणि काठावर चढून बसतं, इकडे त्याला सी फ्रेट म्हणतात. तुम्ही सी व्ह्यूचे जास्तीचे पैसे मोजून खिडकीत बसायचं आणि समोर पांढरा पडदा, आणि गंमत म्हणजे तेव्हाच दहा किलोमीटर आत कडक ऊन पडलेलं असतं. मधे राहिलं की सकाळी उठून बघायचं, काठावर धुकं असेल तर मूरवर जायचं, वर पाऊस असेल तर खाली यायचं. आठवड्याच्या सुट्टीत ही सोय सगळ्यात मोठी, व्ह्यू बिव्ह्यू नंतर.

रॉबिन हूड्स बे सुंदरच आहे पण तुमच्या आईंसाठी नाही हो. पाहुण्यांना गाडी वरच्या पार्किंगमध्ये ठेवावी लागते, खालचं जुनं गाव इतक्या उतारावर आहे की बॅगा घेऊन उतरताना आपल्यालाच धाप लागते, आणि ती घरं म्हणजे जुन्या कोळ्यांची, जिने अरुंद, बाथरूम बहुतेक वर. तुम्ही साइटवर शोधताना ग्राउंड फ्लोअर बेडरूम आणि खालीच बाथरूम हा फिल्टर लावा. आणि सात जणांचं लिहिलं असेल तर विचारून घ्या की सात बेड आहेत की त्यात हॉलमधला सोफा बेड पण धरलाय.

फुलांचं म्हणाल तर जूनमध्ये नाहीत. तो जांभळा रंग म्हणजे हेदर, ते ऑगस्ट ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. जूनमध्ये मूर हिरवट-तपकिरी, झाड नाही, सावली नाही, नुसतं मोकळं आभाळ, मला तेच जास्त आवडतं पण फोटोत दिसत नाही. ऑगस्टला आलात तर इथल्या शाळांना पण सुट्ट्या असतात, भाडी चढलेली. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, शिवाय बेम्प्टनच्या समुद्रकड्यांवर पफिन (रंगीत चोचीचे समुद्रपक्षी) असतात, ते जुलै सरता सरता निघून जातात. पोरगी खूश होईल. गाडीने तासाभराच्या वर लागतो. फक्त मेचा शेवटचा आठवडा टाळा, तेव्हा इथं शाळांना हाफ टर्मची सुट्टी असते.

बर्डीवाला

काऊन इतके पैसे घालता राजेहो, कोकणात जा ना. डोंगर पण आहे, समुद्र पण आहे, आणि मासे पण आपल्या चवीचे.

मिडल्सब्रोची_वहिनी

जूनमध्ये कोकणात? छत्री घेऊन घरातच बसायला? आणि त्यांची ताई लीड्सला आहे भाऊ, मालवणला नाही.

डिझेल_शेड

मी पण रेल्वेवालाच, त्यामुळे बाबांचं बोलतो. ती लाइन म्हणजे नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वे, पिकरिंग ते ग्रोसमॉन्ट, १८ मैल म्हणजे २९ किलोमीटर, काही गाड्या पुढे व्हिटबीपर्यंत जातात. १८३६ ची लाइन, जॉर्ज स्टीफन्सननं बांधलेली, आणि सुरुवातीला डबे घोडे ओढायचे! १९६५ ला सरकारनं बंद केली, मग हौशी लोकांनी १९७३ ला परत सुरू केली, आजही बरंचसं काम व्हॉलंटियर करतात. (आपली यवतमाळकडची छोटी शकुंतला रेल्वे आठवून जीव जळतो, जाऊ द्या.)

बाबांना फक्त गाडीत बसवून आणू नका. ग्रोसमॉन्टला स्टेशनजवळून पायी जायचा जुना बोगदा आहे, घोड्यांच्या काळातला, त्यातून पलीकडे गेलं की लोको शेड. अजनीचा माणूस तिथून दोन तास हलणार नाही, बाकीच्यांनी तेवढ्यात चहा घ्यावा. टाइमटेबल आधी बघा, रोज सगळ्या गाड्या वाफेच्याच असतात असं नाही, उन्हाळा कोरडा असला की ठिणगीनं मूर पेटायची भीती, मग डिझेल लावतात.

गाडी लागेलच. लीड्सहून व्हिटबीला ८४० नंबरची बस जाते, रस्ता बघण्यासारखा आहे, पण सात जण, सामान आणि आईचे गुडघे घेऊन नाही. आपलं लायसन्स तिकडे १२ महिने चालतं, गाडी पण डावीकडूनच, त्यामुळे तो त्रास नाही. भाड्याची घेतली तर ऑटोमॅटिक आहे ना हे लिहून घ्या आणि क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्या नावाचं पाहिजे. सात सीटरच्या मोहात पडू नका, सात माणसं बसली की डिक्कीत एक बॅग मावत नाही, जिजूंची एक आणि भाड्याची एक अशा दोन घ्या. मूरवरचे रस्ते अरुंद, मेंढ्या मधेच बसलेल्या असतात, आणि चढ बेकार. रोझडेल चिमनी बँक म्हणून एक आहे, ३३ टक्के चढ, जीपीएस शॉर्टकट म्हणून तिकडे घालतो, मुकाट्यानं दुसरा रस्ता घ्या. खोऱ्यात मोबाइलला रेंज कुठं असते कुठं नसते, मॅप डाउनलोड करून ठेवा.

तर्रीप्रेमी

सगळे बोलले पण खाण्याचं कोणीच नाही बोललं, नागपूरकर म्हणवता अन्! व्हिटबी म्हणजे फिश अँड चिप्स, आणि तुम्ही म्हणाल शाकाहारी लोक नुसते चिप्स खातील, तर थांबा. यॉर्कशायरमध्ये बऱ्याच दुकानांत चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात, म्हणजे गाई-बैलांच्या चरबीत, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे, कोणी लपवत नाही. त्यामुळे ऑर्डरच्या आधी व्हेजिटेबल ऑइल आहे का विचारायचं, वेगळं तळणारी दुकानं सापडतात. आईंना हे नंतर कळलं तर उरलेली ट्रिप उपासात जाईल.

नागपूरहून पेढे, खवा, तूप, संत्रा बर्फी काही नेऊ नका, भारतातून दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत, एअरपोर्टवर काढून घेतात. मसाले, पापड, चिवडा बिनधास्त. डाळ-तांदूळ-कणीक लीड्स किंवा ब्रॅडफर्डमध्येच भरून घ्या, गावातल्या दुकानात तूरडाळ मिळणार नाही. आणि कॉटेजमध्ये फोडणी देताना खिडकी उघडा आणि किचनचा दरवाजा लावा, मिरची जळली की स्मोक अलार्म असा कोकलतो की शेजारची मेंढरं पळतात.

मानेवाडा_मेल

बाप्पा, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. ड्रिपिंगचं वाचून आईनं आत्ताच जाहीर केलं की ती सात दिवस घरचंच खाणार, आणि बोगद्याचं वाचून बाबा मला यूट्यूब लावून मागून राहिले. ताईला फोन केला, रॉबिन हूड्स बे कॅन्सल, पण तोंड पाडून बसली आहे. तिच्यासाठी समुद्राचा एखादा सोपा पर्याय सांगा ना जिथं आई पण येईल. आणि व्हिटबीचं ते चर्चजवळचं ॲबी (जुन्या मठाचे अवशेष), १९९ पायऱ्या म्हणतात, ते सोडूनच द्यायचं का?

मिडल्सब्रोची_वहिनी

सोडू नका. पायऱ्या गावाकडून आहेत, मागच्या बाजूनं रस्ता वर जातो आणि ॲबीजवळच पार्किंग आहे. ज्यांना पायऱ्या मोजायच्या त्यांनी मोजाव्यात, आई गाडीनं.

समुद्रासाठी सँड्सएंडला न्या, व्हिटबीच्या जवळच आहे, रस्त्याला लागूनच सपाट वाळू, गाडीतून उतरलं की बीच. पाणी गार आहे, पोरगी पाय बुडवून किंचाळेल तेवढंच. ताईंना म्हणा रॉबिन हूड्स बे ला दिवसाचं जा, तुम्ही तिघं-चौघं, आणि जायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, हे मात्र मस्करीत घेऊ नका. ओहोटीला खडकांवरून लांबवर चालता येतं, पण भरती चढली की कड्याखाली अडकतात लोक, मग ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड बोलवावा लागतो. मूरवर फिरताना पँट मोज्यात खोचा, गवतात टिक (गोचीड) असतात, रात्री पोरीचे पाय तपासा.

आणि तिकिटं काढायच्या आधी कॉटेजचा वार बघा. आठवड्याचं बुकिंग बहुतेक शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार असतं, दुपारी चारला आत घेतात आणि सकाळी दहाला बाहेर काढतात. नागपूरहून दोहामार्गे मँचेस्टर पडलं तर मुंबईचा फेरा वाचतो, फक्त ते विमान रोज आहे का बघा, आणि एक-दोन रात्री ताईंकडे काढूनच पुढे निघा. व्हिसाला साधारण तीन आठवडे सांगतात, तुम्ही दोन महिने आधी लागा.