मदत हवी आहे : ऑर्थोचं पोस्टिंग, प्लास्टर आणि पुढचा निर्णय

नमस्कार मंडळी. मी पुण्यात इंटर्नशिप करतेय. सध्या ऑर्थोपेडिक्सचं, म्हणजे हाडांच्या विभागाचं, पोस्टिंग चालू आहे, मिळतात जेमतेम 2 आठवडे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, समजून घ्या.

पहिल्याच रात्री सिंहगड रोडवर स्कूटर घसरलेल्या एक आजी आल्या, मनगट अगदी काट्याच्या चमच्यासारखं. कोलीज फ्रॅक्चर (मनगटाजवळ मोडलेलं हाड) पुस्तकात शंभरदा वाचलेलं, पण हाताला ते पहिल्यांदाच लागलं. रेसिडेंट सरांनी हाड बसवलं आणि स्लॅब (एका बाजूने बसवायची प्लास्टरची पट्टी) माझ्याकडे दिला. मी शहाणपणाने कोमट पाणी घेतलं. प्लास्टर हातातच आवळायला लागलं, सगळ्या सुरकुत्या आतल्या बाजूला! आजीच म्हणाल्या, "होऊ दे गं बाई, सावकाश कर." दुसरा स्लॅब गार पाण्यात भिजवला, तो जमला.

तर विचारायचंय ते हे. स्लॅबची सवय घरी कशी करावी? कापूस कुठे जास्त घालायचा, याचा अंदाज तुम्हाला कशाने आला? दुसरं, ओटीत सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्स-रे मशीन) चालू असताना किरणांपासून वाचवणारा लेड एप्रन मिळतो, पण गळ्याभोवतीची थायरॉइड कॉलर इंटर्नपर्यंत पोचतच नाही. न भांडता मागायची कशी? आणि एमएस ऑर्थो (याच विषयातलं पदव्युत्तर शिक्षण) केलेल्या ताई इथे असतील तर प्लीज लिहा. "मुलींना झेपत नाही" हे मी आठवड्यात चार वेळा ऐकलंय, त्यातलं दोनदा तर वॉर्डबॉयकडून. ती 3 वर्षं खरंच कशी जातात? नीट-पीजी प्रवेश परीक्षेचा अभ्यास चालू आहे, ब्रँच अजून ठरत नाहीये.