गडावरची गैरसोय आणि घरातला नळ

मूळ लेख:
डिसेंबरमध्ये आम्ही चौघे पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो आणि दोन रात्री तेथील गुहेत राहिलो. सुमारे १,४२४ मीटर उंचीच्या त्या गडावर कातळाचा गारठा पातळ चटईतून थेट पाठीत शिरतो. टाक्यातले पाणी काढायचे, फडक्याने गाळायचे, उकळायचे आणि निवल्यावर बाटल्यांत भरायचे, यातच सकाळचा तासभर जातो. घरी येऊन नळ सोडला, तेव्हा ती धार पाहत मी क्षणभर तसाच उभा राहिलो. सोयी सतत हाताशी असल्या की त्या दिसेनाशा होतात, म्हणून वर्षातून एकदा तरी त्यांच्याशिवाय राहावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
मी सहमत नाही. आपली गैरसोय रविवारी संध्याकाळी संपणार, हे आपल्याला निघतानाच ठाऊक होते. याच डोंगररांगांच्या वाड्यांमध्ये मे महिन्यात विहिरी आटतात आणि बायकांना हंडे घेऊन लांबवर जावे लागते. त्या पायपिटीतून जगण्याची गोडी वाढल्याचे मी कोणाकडूनही ऐकलेले नाही. शिवाय ही जाणीव टिकते किती? मी पंधरा वर्षे गडकिल्ले फिरतो आहे, आणि परतल्यावर चौथ्या दिवशी दाढी करताना माझा नळ पुन्हा वाहताच असतो.

मूळ लेखक:
जाणीव ओसरते, हे मान्य आहे. तरीही वर पिठले-भाकरी करून देणारी माणसे पीठ-कांदे खालून वाहून आणतात, याचे मोल मला स्वतःच्या पाठीवर सॅक घेऊन तो चढ चढल्यावरच कळले, आणि ते मी विसरलेलो नाही.

प्रतिसाद २:
माझे माहेर याच गडाच्या अकोले तालुक्यातले. आमच्या घरी नळ आला तेव्हा मी आठवीत होते. आई आजही भांडी विसळलेले पाणी अळूच्या वाफ्यात ओतते, म्हणजे उणिवेतून आलेली जाण आयुष्यभर टिकू शकते. पण ते हंड्यांचे दिवस पुन्हा जगायला ती कधीही तयार होणार नाही. त्यामुळे पहिल्या प्रतिसादातला आक्षेप मला अधिक पटतो. गडावर अवश्य जावे, मात्र उन्हाळ्यात जाणार असाल तर पिण्याचे पाणी घरूनच न्यावे आणि पायथ्याच्या विहिरीवर बाटल्या भरू नयेत.