सगळं क्लाउडवर आहे, मग हार्ड डिस्क भंगारात द्यायची?

पाचपाखाडीकर
दिवाळीची आवराआवर चालू आहे. माळ्यावर दोन हार्ड डिस्क आणि डबाभर सीडी निघाल्या. चिरंजीव म्हणतात, "बाबा, सगळं क्लाउडवर आहे, हे भंगारवाल्याला द्या." मी दिलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रात ठेवलेलं आपलं सामान. त्यातलं गूगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा हवे तेवढे फोटो फुकट ठेवा म्हणाले. आपण अख्खं खानदान चढवलं. १ जून २०२१ पासून फुकटेगिरी बंद. आता १५ जीबी, आणि त्यातच मेल, ड्राइव्ह, फोटो सगळे दाटीवाटीने. म्हणजे आधी सामान फुकट ठेवून घ्यायचं आणि खोली भरली की भाडं सुरू करायचं. माझी डिस्क एकदा घेतली, विषय संपला. बोला.

कळवा_स्लो
काका, तुमच्या १५ जीबीतले ९ 'शुभ सकाळ'चे असतील. आधी ते उडवा.

नेरूळची_माहेरवाशीण
काका, अर्धवट सांगू नका. फुकटातले फोटो गूगल आकसून, म्हणजे फाइल लहान करून, ठेवायचं. १ जून २०२१ च्या आधी त्या आकसलेल्या दर्जात चढवलेले फोटो आजही १५ जीबीत धरत नाहीत. जुनं सामान अजून फुकटच आहे.

आता माझं ऐका. माहेर चिपळूणचं, घर तळमजल्यावर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. आईबाबा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेले म्हणून वाचले. लोखंडी कपाटात आईच्या लग्नाचा अल्बम होता आणि त्याच कपाटात, वरच्या खणात, भावाची हार्ड डिस्क. वरचा खण म्हणून ती वाचेल असं वाटलं होतं. चिखल काढल्यावर अल्बम उघडला तर फोटो एकमेकांना चिकटलेले. एक सोडवायला गेलं की दुसऱ्याचा चेहरा त्याच्यासोबत निघून यायचा. आम्ही ते पंख्याखाली दोरीवर वाळत घातले होते. डिस्क वाळली, पण चालू झाली नाही.

त्या अल्बमातले अकरा फोटो आज आहेत. का? आदल्या गणपतीत मी सहज मोबाइलवर टिपले होते आणि ते आपोआप वर गेले होते. अकरा! बाकीचे टिपायला पाच मिनिटं पुरली असती, पण मोदक वळायचे होते. 'डिस्क माझी' हे ठीक आहे, पण ती तुमच्याच घरात, तुमच्याच कपाटात आहे.

पाचपाखाडीकर
ताई, वाचून वाईट वाटलं. पण पाचपाखाडीत नदी नाही, आणि मी चौथ्या मजल्यावर.

नेरूळची_माहेरवाशीण
चोर चौथ्या मजल्यावर येत नाहीत का? आणि गळकी गच्ची?

रबाळे_नाइट_शिफ्ट
मी ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये काम करतो, म्हणून दोघांनाही थोडं टोचतो. क्लाउड म्हणजे आमच्यासारख्या इमारतीतली यंत्रंच. ती रोज बिघडतात, आम्ही रोज बदलतो. एकाच गोष्टीच्या अनेक प्रती असतात म्हणून तुम्हाला कळतसुद्धा नाही. माळ्यावरची डिस्क बिघडली तर बदलायला कोण येणार?

पण ताई, या प्रती यंत्र बिघडलं तरच कामाला येतात. माणूस चुकला की त्यांचा काही उपयोग नाही. सिंक, म्हणजे मोबाइलवरचं आणि वरचं कायम एकसारखं ठेवणं, हे नवराबायकोचं जॉइंट खातं: एकाने पैसे काढले की शिल्लक दोघांचीही कमी. आमच्या मातोश्रींना 'मेमरी फुल'चा संदेश आला. त्यांनी फोटोच्या ॲपमध्ये जाऊन भाच्याच्या मुंजीपासूनचं सगळं निवडून डिलीट केलं. "वर आहेतच की," म्हणाल्या. वरचेही गेले. लक्षात आलं तीन महिन्यांनी, तोवर कचरापेटीही रिकामी. या पेट्यांना मुदत असते. बॅकअप झालेल्या फोटोंना गूगलमध्ये ६० दिवस, ॲपलच्या आयक्लाउडमध्ये साधारण ३०. फक्त मोबाइलवरची प्रत काढायची असेल तर 'जागा मोकळी करा' हा पर्याय वेगळा असतो. तो आणि डिलीट यांतला फरक आमच्या घरात आता देवघरातल्या आरतीइतका पाठ आहे.

अवांतर: लग्नाचे बरेच फोटो आपल्याकडे व्हॉट्सॲपवरून येतात. एक तर ते आधीच आकसलेले, आणि ते फोल्डर बॅकअपमध्ये आपोआप धरलं जात नाही, मुद्दाम चालू करावं लागतं. 'सगळं क्लाउडवर आहे' म्हणणाऱ्या चिरंजीवांना एवढं विचाराच.

पाचपाखाडीकर
विचारलं. बंद होतं. गाल फुगवून बसलेत.

शिवाय हिशेब करा. १०० जीबीचे वर्षाचे १३०० भरतोय तो. दहा वर्षांचे तेरा हजार, तेही दर वाढला नाही तर. आणि भरायचं थांबलं की? जागा संपली की नवीन फोटो चढत नाहीत, मेलसुद्धा येईनासे होतात.

घोडबंदर_ट्रॅफिकमध्ये
काकांच्या बाजूने. पैसे सोडा, चावीचं बोला. बाबा गेले. त्यांचं सिम प्रीपेड, रिचार्ज करायचं आमच्या डोक्यातच नव्हतं, नंबर बंद पडला. भावाने त्यांचा लॅपटॉप फॉरमॅट केला आणि पुन्हा लॉगिन करायला गेलो तर कोड त्याच नंबरवर. पासवर्ड डायरीत लिहिलेला होता, पण कोड कुठून आणणार? कंपनीला मृत्यूचा दाखला पाठवला, अर्ज केले. ठरावीक उत्तर येतं. नर्मदा परिक्रमेचे फोटो आहेत त्यात, बाबांनी पायी केली होती. फोटो कुठेतरी सुखरूप आहेत, फक्त आम्हाला दिसत नाहीत. डिस्क असती तर वायर लावली असती.

नेरूळची_माहेरवाशीण
हे मात्र खरंच लागलं. तरी सोय आहे, आपण करत नाही. गूगलमध्ये निष्क्रिय खात्यासाठी आधीच माणूस नेमून ठेवता येतो, ॲपलमध्ये वारस संपर्क असतो. मी परवाच नवऱ्याचं नाव टाकलं. तो म्हणाला, "इतकी घाई का?"

रबाळे_नाइट_शिफ्ट
घोडबंदर, दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं. तुमचं तिथलंच असेल तर पाठपुरावा सोडू नका.

काका, एक साधा प्रश्न. त्या दोन डिस्क शेवटच्या कधी लावून पाहिल्यात?

पाचपाखाडीकर
टोमणा पोचला. आज दुपारी लावल्या. २०१४ ची डिस्क नुसती टक टक करते आणि संगणकाला दिसतच नाही. सीडींवर पावसाळ्याने बुरशीची नक्षी काढली आहे. सातपैकी दोन वाचल्या गेल्या. दुसरी डिस्क मात्र ठणठणीत आहे. तिच्यात चिरंजीवांच्या बारशाचे फोटो निघाले, जे त्याच्या त्या क्लाउडवर नव्हतेच! तासभर बसून बघत होता पठ्ठ्या, चहा थंड झाला.

तर आता ठरलंय असं: चांगल्या डिस्कवरचं सगळं वर चढवायचं, एक नवी डिस्क भरून डोंबिवलीला बहिणीकडे ठेवायची. तिलाही सांगितलंय, देव्हाऱ्याखाली ठेव, नातवाच्या हाती देऊ नको.

मत मात्र बदललेलं नाही. भाडं मी भरणार नाही. चिरंजीव भरतील.

कळवा_स्लो
आणि 'शुभ सकाळ'?

पाचपाखाडीकर
ते बहिणीकडूनच येतात.