मदत हवी: पॉली आयसी देऊनही माशात एमएक्स वाढत नाहीये

खाडीपार
पॉली आयसीचं (व्हायरसच्या आरएनएची नक्कल) इंजेक्शन दिलं, आरएनए काढला, क्यूपीसीआर (जीन किती चालू आहे ते मोजणारी टेस्ट) लावला, तरी एमएक्स हा व्हायरसविरोधी जीन कंट्रोलएवढाच, म्हणजे पॉली आयसी न दिलेल्या माशांएवढाच. व्हायरस आल्यासारखं शरीराला वाटून हा जीन वाढायलाच हवा ना? प्रायमर नीट आहेत, मेल्ट कर्व्हला एकच पीक, म्हणजे एकच तुकडा वाढतोय. सोमवारी गाइडला दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

पंचगंगा
मासा कोणता? सॅम्पल किती तासांनी? अवयव? पाण्याचं तापमान? काहीच लिहिलं नाहीत, सांगणार कसं.

खाडीपार
चिलापी, म्हणजे नाइल टिलापिया. हेड किडनी (माशाचा रोगप्रतिकाराचा अवयव), 6 तासांनी. पाणी नेहमीचंच.

पंचगंगा
मग 6 तास हेच कारण. पॉली आयसी म्हणजे दुहेरी धाग्याचा आरएनए, तो टीएलआर3, टीएलआर22 (हा आपल्यात नसतोच, माशांत असतो) नाहीतर पेशीतला एमडीए5 असे सेन्सर ओळखतात, मग इंटरफेरॉन (व्हायरसचा इशारा देणारं प्रथिन) बनतं, ते बाहेर पडून पेशींवरच्या रिसेप्टरला लागतं आणि त्यानंतर कुठे एमएक्स, व्हायपेरिन असे जीन चालू होतात. 24 आणि 48 तासांचं सॅम्पल घ्या.

तळेवाला
आमच्या शेततळ्यात चिलापीच आहे. मरतूक लागली की खडं मीठ टाकायचं, पाणी बदलायचं. जीन बघत बसाल तोवर तळं रिकामं होईल.

स्वरदा_बी
दादा, त्यांचा प्रयोग आहे, मरतूक नाही. खाडीपार, रेफरन्स जीन (तुलनेसाठी, जो बदलायला नको) बीटा अ‍ॅक्टिन घेतलाय का? तो भरवशाचा नाही, ईएफ1 अल्फा घ्या.

पंचगंगा
उगाच अ‍ॅक्टिनवर खापर नको. आधी सीटी टाका (क्यूपीसीआरच्या कितव्या फेरीला सिग्नल दिसला तो आकडा; जितका कमी तितका जीन जास्त).

खाडीपार
अ‍ॅक्टिन सगळीकडे 18च्या आसपास. एमएक्स कंट्रोलमध्ये 22, इंजेक्शनवाल्यांत 21.8.

स्वरदा_बी
कंट्रोलमध्येच 22?? निरोगी माशात एमएक्स फार कमी असतो. मासे आणले कुठून?

खाडीपार
एका फार्मवरून. तिथे थोडी मरतूक चालू होती, पण आम्ही धडधाकटच निवडले.

स्वरदा_बी
अहो हे आधी सांगायचं ना! टिलापिया लेक व्हायरस बघा, 2014ला इस्राएलमधून नोंद झाली, भारतातही सापडलाय. 10 तुकड्यांच्या जीनोमचा आरएनए व्हायरस, वरून ठणठणीत दिसणाऱ्या माशातही असू शकतो. तो अंगात असेल तर इंटरफेरॉन आधीपासूनच चालू, मग पॉली आयसीने आणखी किती वाढणार? कंट्रोलच्या लिव्हरचा आरटी-पीसीआर करा, आणि नो-आरटी कंट्रोलही लावा, डीएनए राहिला असेल तरी सीटी असाच खाली येतो.

पंचगंगा
पटतंय, पण 6 तास कमीच आहेत, हे माझं कायम.

कोईप्रेमी
माझ्या कोई माशांचे कल्ले पांढरट झालेत, हीटरने पाणी 30च्या वर नेलं तर कोई हर्पीस व्हायरस जातो का?

पंचगंगा
वेगळा धागा काढा. मरतूक थांबू शकते, पण व्हायरस माशात राहतो.

तळेवाला
फार्म कोणता ते सांगाल का? पुढच्या महिन्यात बीज घ्यायचंय.

खाडीपार
रिपोर्टशिवाय नाव नाही घेता येणार. तुम्ही बीज घ्यायच्या आधी टेस्ट मात्र करून घ्या. स्वरदाताई, लिव्हर उणे 80ला आहे, आजच लावतो. नो-आरटी म्हणजे आरएनएचा डीएनए करणारं एन्झाइम न घालता ना?

स्वरदा_बी
हो. आणि टाकीतलं पाणी क्लोरीन मारल्याशिवाय गटारात सोडू नका.