सोलापुरातील सहकारी बँकेतून फ्रॉड मॅनेजरच्या पदापर्यंत कसे जाता येईल?

सातरस्ता यांचा प्रश्न

नमस्कार. मी सोलापुरातील एका नागरी सहकारी बँकेत अधिकारी आहे. एम.कॉम. झाल्यावर लिपिक म्हणून लागले, जेएआयआयबी (बँक कर्मचाऱ्यांची व्यावसायिक परीक्षा) उत्तीर्ण झाले आणि काउंटर, क्लिअरिंग, कर्ज विभाग असे करत आता मुख्य कार्यालयात आले आहे. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर नोंदली गेली की ज्या ज्या खात्यांतून ते पैसे फिरले त्या बँकांना रक्कम रोखून धरण्याची सूचना येते. आमच्या बँकेपुरते हे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले. आरंभी ते केवळ लीन लावून (म्हणजे खात्यातील तेवढी रक्कम अडवून) उत्तर पाठवण्याचे काम वाटले. पुढे मात्र खात्यांचे उतारे वाचताना काही ठरावीक चाली दिसू लागल्या. महिनोन्‌महिने चारपाचशे रुपये शिल्लक असलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात एका दुपारी लाखांची रक्कम येते आणि तासाभरात ती तीन-चार खात्यांत विखुरली जाते. असे एक खाते सापडले की त्याच मित्रमंडळातील आणखी दोन सापडतात. खाते भाड्याने दिले म्हणजे आपण गुन्ह्यात आलो, हे त्यांतल्या बहुतेक मुलांना ठाऊक नसते.

या कामात माझे मन रमले आहे. पुण्यातील एका खासगी बँकेत फ्रॉड अ‍ॅनालिस्टची जागा मिळण्याची शक्यता आहे. पगार जवळपास आताइतकाच, हुद्दा मात्र खालचा. फ्रॉड मॅनेजर होण्यासाठी या पायरीवरूनच जावे लागते का, त्या पदावरची व्यक्ती नेमके काय करते, आणि सोलापूर न सोडता हे शक्य आहे का, याविषयी अनुभवी सदस्यांनी लिहावे, ही विनंती.

ताळेबंद यांचे उत्तर

मी पुण्यात एका बँकेच्या व्यवहार-देखरेख विभागात आहे, त्यामुळे माझे उत्तर त्या बाजूने आहे. बँकेतील फसवणूक नियंत्रणाचे ढोबळमानाने दोन भाग पडतात. एक भाग यूपीआय, कार्ड, नेटबँकिंग यांवरील व्यवहारांचा, जिथे निर्णय सेकंदांत किंवा मिनिटांत घ्यायचा असतो. दुसरा कर्जांतील फसवणुकीचा, जिथे एकेक फाइल महिनोन्‌महिने चालते. आपल्याला मिळणारी जागा पहिल्या भागातली दिसते.

बाहेरच्या लोकांना फ्रॉड मॅनेजर म्हणजे चोर पकडणारा माणूस वाटतो. प्रत्यक्षात त्याचा बराचसा वेळ कोणाचा व्यवहार थांबवायचा आणि कोणाचा जाऊ द्यायचा, याची रेषा ठरवण्यात जातो. सोलापूरचेच उदाहरण घ्या. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतला एखादा टॉवेल कारखानदार सुताचा भाव उतरलेला पाहून रात्री दहा वाजता एका नव्या व्यापाऱ्याला चार लाख रुपये पाठवतो. नवा लाभार्थी, मोठी रक्कम, अवेळ, या तीनही खुणा जुळतात म्हणून यंत्रणा तो व्यवहार अडवते आणि सूत दुसरा कोणी उचलतो. ही रेषा सैल केली, तर त्याच तीन खुणा असलेला दुसरा व्यवहारही सुटतो: ‘डिजिटल अटके’च्या धमकीने घाबरलेल्या निवृत्त शिक्षिकेचा. दोघांतला फरक खात्याच्या मागच्या दोन दिवसांत असतो. शिक्षिकेने आदल्या दिवशी मुदत ठेव मोडलेली असते, खाते जवळजवळ रिकामे होईपर्यंत हप्त्याहप्त्याने रक्कम जात असते आणि त्या खात्यातून पूर्वी एवढी मोठी रक्कम कधी गेलेली नसते. अशा खुणा शोधून त्यांचा नियम बांधणे, त्या नियमाने किती निर्दोष ग्राहक अडतात हे मोजणे आणि व्यवसाय विभागाचे प्रमुख ‘आमचे ग्राहक चिडतात’ म्हणून बैठकीत आवाज चढवतात तेव्हा आकडे मांडून तो नियम टिकवणे, हे मॅनेजरचे खरे काम आहे.

ग्राहकाची भरपाईही याच विभागाच्या अहवालावर अवलंबून असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थ व्यक्तीच्या कृत्यामुळे झालेल्या अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहाराची माहिती ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेला दिली, तर त्याचे दायित्व शून्य राहते आणि त्याची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते. सहकारी बँकांसाठी त्याच धर्तीचे परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. ओटीपी कोणी, कधी आणि कशाच्या दबावाखाली दिला, याविषयी आपण लिहिलेल्या एका परिच्छेदावर कोणाचे तरी निवृत्तिवेतन अवलंबून असते.

पदांचा क्रम सर्वत्र सारखा नसला तरी साधारणतः अ‍ॅनालिस्ट, वरिष्ठ अ‍ॅनालिस्ट किंवा तपासनीस, टीम लीड, मॅनेजर आणि विभागप्रमुख असा असतो. मध्यावर वाट फुटते. एक जण तपासाकडे जातो, दुसरा नियम व विदा (डेटा) यांच्याकडे. एक्सेल आपल्याला येतच असेल, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा) शिका. स्वतः प्रश्न लिहून माहिती काढता न येणारा माणूस या विभागात कायम दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो.

दप्तर_तपासनीस यांचे उत्तर

ताळेबंद यांचे म्हणणे मान्य आहे, पण त्यामुळे फसवणूक म्हणजे पडद्यावरचे अलर्ट (यंत्रणेने दिलेले इशारे) असा समज होऊ नये. मी सोलापूर जिल्ह्यात सहकारी बँकिंगच्या तपासणी व दक्षता कामातून निवृत्त झालो. मोठे नुकसान करणारी फसवणूक मी बहुतेक वेळा कर्जाच्या दप्तरात पाहिली आणि तिच्यात आतला कोणी तरी असे. एकच यंत्रमाग दोन बँकांकडे तारण दाखवणे, स्टॉक स्टेटमेंटमध्ये (बँकेला द्यायच्या मालसाठ्याच्या विवरणात) सहा महिने तोच माल फिरवणे, सोनेतारणात मूल्यांकन करणाऱ्यालाच सामील करून घेऊन मुलामा दिलेले दागिने ठेवणे, थकीत कर्ज नव्या नावाच्या कर्जातून फेडून खाते नियमित दाखवणे, हे प्रकार कोणत्याही यंत्रणेआधी शाखेतल्या जुन्या शिपायाला कळलेले असत. जगभरातील प्रकरणांच्या अभ्यासातही हेच दिसते. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्स या संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार नोकरीतील गैरव्यवहारांपैकी ४३ टक्के कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघड झाले, आणि अशा खबरींपैकी निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांनीच दिल्या होत्या. म्हणून ज्याच्याकडे लोक निर्धास्तपणे येऊन बोलू शकतात, अशी व्यक्ती या पदावर हवी. हा गुण परीक्षेत तपासला जात नाही, ही गोष्ट निराळी.

ताई, तुमचा कर्ज विभागातील अनुभव तुम्ही एका शब्दात उरकला आहे. माझ्या मते तीच तुमची सर्वांत मोठी पुंजी आहे. गहाणखत, जामीनदाराची कागदपत्रे आणि मालसाठ्याची प्रत्यक्ष पाहणी ज्याने केली आहे, त्याला खोटा कागद हातात घेताच संशय येतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. कर्जदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याचे खाते ‘फसवणूक’ म्हणून घोषित करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०२३ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध राजेश अग्रवाल या प्रकरणात दिला. त्यानंतर १५ जुलै २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने फसवणूक जोखीम व्यवस्थापनाचे नवे निर्देश काढले आणि त्यांत सहकारी बँकांसाठीही स्वतंत्र निर्देश होते. कारणे दाखवा नोटीस सविस्तर हवी, उत्तरासाठी किमान २१ दिवस द्यायला हवेत, आणि शेवटचा आदेश कारणांसह लिहिलेला हवा. याचा परिणाम असा झाला की केवळ ‘संशयास्पद वाटते’ एवढ्यावर भागत नाही. कोणती नोंद, कोणत्या तारखेची, तिच्याविषयी कर्जदाराने काय सांगितले आणि ते का पटले नाही, हे एखाद्या न्यायाधीशाने वाचले तरी उभे राहील अशा भाषेत लिहावे लागते. असे लिहिणारी माणसे बँकांत फार थोडी आहेत, आणि पुढची बढती त्यांनाच मिळते.

खतावणी यांचे उत्तर

मी सनदी लेखापाल आहे. फक्त अभ्यासक्रमांविषयी लिहितो. आपण जेएआयआयबी झाला आहात, तेव्हा पहिली पायरी म्हणून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सची सायबर गुन्हे प्रतिबंध व फसवणूक व्यवस्थापन या विषयाची प्रमाणपत्र परीक्षा द्यावी. ती नोकरी सांभाळून देता येते आणि तुलनेने स्वस्तही आहे. त्यानंतर सीएफई (सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर) ही परीक्षा. तिला आंतरराष्ट्रीय मान्यता आहे, परंतु शुल्क डॉलरमध्ये आहे आणि प्रमाणपत्र मिळण्यासाठी फसवणुकीशी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष संबंध असलेल्या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. कॅम्स ही परीक्षा काळ्या पैशाच्या प्रतिबंधाकडे झुकलेली आहे. आपल्याला भाड्याच्या खात्यांच्या कामातच पुढे जायचे असेल तरच तिचा विचार करावा. आमच्या सनदी लेखापालांच्या संस्थेचा फॉरेन्सिक अकाउंटिंगचा (हिशेबांतून फसवणूक शोधण्याचा) अभ्यासक्रम सनदी लेखापालांसाठी आहे, त्यामुळे तो आपल्याला लागू नाही. ‘तीन महिन्यांत फ्रॉड एक्स्पर्ट’ अशा जाहिरातींवर पैसे घालवू नयेत. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांचीच फसवणूक व्हावी, हे विनोदी असले तरी घडते.

सातरस्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी वयस्कर सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा असल्यामुळे पुण्याचा निर्णय सोपा नाही. मुलाखतीला गेले, तर ही जागा पुढे नेणारी आहे की नुसती अलर्ट मिटवण्याची, हे कशावरून ओळखावे? आणि खालचा हुद्दा पुढे अडसर ठरतो का?

ताळेबंद

हुद्द्याची चिंता करू नका. बँकेबँकेत हुद्द्यांची नावे इतकी वेगळी असतात की पुढचा नियोक्ता काम काय केले तेच विचारतो. मुलाखतीत तीन गोष्टी विचारा. नवे नियम सुचवण्यात अ‍ॅनालिस्टचा सहभाग असतो का? बंद केलेल्या अलर्टपैकी काहींची फेरतपासणी कोण करते? आणि रात्रपाळी कशी वाटली जाते? पहिल्या दोन प्रश्नांना टाळाटाळ झाली आणि दिवसाला किती अलर्ट बंद करायचे एवढाच आकडा सांगितला गेला, तर ती जागा घेऊ नये असे मला वाटते. रात्रपाळीचा प्रश्न घरच्या परिस्थितीमुळे आपल्याला अधिक महत्त्वाचा आहे, कारण हा विभाग चोवीस तास चालतो आणि नव्या माणसाला पाळ्या चुकत नाहीत.

दप्तर_तपासनीस

पुण्याला होकार देण्याआधी आपल्याच बँकेत एक प्रयत्न करून पाहा. २०२४ च्या निर्देशांनी संचालक मंडळावर जबाबदारी टाकलेली आहे आणि लहान बँकांत हे काम बहुधा कोणाच्या तरी इतर कामांत कोंबलेले असते. गेल्या वर्षभरात आलेल्या सूचनांचा, रोखलेल्या रकमांचा आणि त्यांत दिसलेल्या चालींचा चार पानी अहवाल मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना द्या आणि त्यासोबत स्वतंत्र कक्षाचा प्रस्ताव जोडा. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले होते, हे आपल्या भागातील कोणत्याही सहकारी बँकेच्या संचालकांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. प्रस्ताव मान्य झाला तर कक्षप्रमुख म्हणून नेमणुकीचे लेखी पत्र घ्या. मान्य झाला नाही, तरी तो अहवाल तयार करताना झालेला विचार पुण्याच्या मुलाखतीत कामाला येईल; मात्र अहवालाची प्रत किंवा ग्राहकांची माहिती बँकेबाहेर नेऊ नका. जाण्याचे ठरलेच, तर अनुभवपत्रात ‘अधिकारी’ एवढाच उल्लेख चालवून घेऊ नका. १९३० च्या सूचनांचे काम किती काळ पाहिले, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. खतावणी यांनी सांगितलेल्या सीएफईच्या दोन वर्षांत ते धरले जाऊ शकते.